कानांना काम

मोहफूल पहाटे गळतं. रात्रभर झाडावर फुगून राहतं आणि उजाडायच्या सुमारास टपटप खाली येतं. म्हणून आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मार्च-एप्रिलमध्ये घरंच्या घरं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते, म्हणजे काळ्या राखेवर पिवळट फुलं नीट दिसतात. वेचायला वाकावं लागतं, आणि उन्हं वर येईपर्यंत वाकूनच राहावं लागतं. जंगलखात्याची माणसं गावोगाव सांगत फिरतात की वाकलेला माणूस वाघाला माणूस म्हणून ओळखू येत नाही. त्याला बुटकं, पाठ वळवलेलं जनावर दिसतं.

माझी काकू अशीच वाकलेली होती. मी शेजारच्या झाडाखाली, हळू बोललेलं ऐकू यावं एवढ्या अंतरावर. त्या पहाटेबद्दल मी फार लिहिणार नाही. एक गोष्ट मात्र सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: आवाज आला नाही. पाला जळलेला होता, त्यामुळे वाजायला एक पानही उरलं नव्हतं. काकू ओरडली नाही. मी मान वर केली तेव्हा तिची टोपली कलंडलेली होती आणि फुलं राखेत पसरली होती. मग मी ओरडलो, दगड मारले, माणसं धावली, नाल्याच्या काठाला ती सापडली. पण ते सगळं नंतरचं. माझ्या डोक्यात जे अडकून बसलं ते त्याच्या आधीचं, काहीच न वाजलेलं, मोजून दोन-चार श्वासांचं अंतर.

लोकांना वाटलं, हा आता आवाजाला भिणार. दिवाळीत पोरं माझ्या दारासमोर फटाके फोडेनात. प्रत्यक्षात वरातीचा डीजे गल्लीत वाजत असला की मला गाढ झोप लागायची. माझी भीती शांततेची होती. रात्री लाइन गेली, पंखा फिरता फिरता थांबला, की पातं पूर्ण थांबायच्या आत मी उठून बसलेला असे, अंग घामानं चिंब, पाठ भिंतीला लावलेली. दुकानात रेडिओ बंद करू देत नसे. कोणी बोलता बोलता मधेच गप्प झालं तर मी त्याच्यावर डाफरायचो. मुलीवरसुद्धा. ती अभ्यास करताना मनात वाचायची, मी तिला मोठ्यानं वाचायला लावायचो, आणि का ते मला तिला सांगता येत नव्हतं.

कान मात्र असे तयार झाले की विचारू नका. शेजाऱ्याची शेळी गोठ्यात कूस बदलते ते ऐकू यायचं. तणसाच्या ढिगात उंदीर कुठून कुठे गेला ते कळायचं. हे कान मला नको होते. ते झोपू देत नव्हते.

गावात याची दोन-तीन स्पष्टीकरणं होती. बाहेरचं लागलं, हे एक. वाघोबाची नड राहिली, हे दुसरं. जिथे काकू पडली तिथे रिवाजाप्रमाणे दगड मांडून शेंदूर लावला, वाघदेव बसवला, नारळ फोडला. मी त्याला नावं ठेवणार नाही. माझा चुलत भाऊ, म्हणजे काकूचा मुलगा, त्या दगडापाशी जाऊन बसायचा आणि परत येताना त्याचा चेहरा जरा सैल झालेला असायचा. ज्याचं त्याला लागू पडतं. मला त्या दगडापर्यंत पोचताच येत नव्हतं, हा माझा प्रश्न होता.

शेवटी बायकोनं नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि या आजाराला पीटीएसडी म्हणतात, मोठ्या आघातानंतर मनात अडकून राहिलेली भीती, असं सांगितलं. मी म्हटलं, तो तर फौजी लोकांना होतो ना? त्या म्हणाल्या, नाव त्यांच्यामुळेच पडलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून 1980 साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या यादीत हा आजार घातला. पण तो अपघातातून वाचलेल्यांना होतो, पुरातून वाचलेल्यांना होतो, अत्याचार सोसलेल्या बायकांना होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगातल्या सुमारे 70 टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा एखादा घाव येतो, आणि त्यातले थोडेच या आजारात अडकतात, 5.6 टक्के. मला तो आकडा ऐकून पहिल्यांदा राग आला, की त्या थोड्यांत मीच का. नंतर त्याच आकड्यानं धीर दिला. बहुतेकांचं मन आपसूक सावरतं, म्हणजे सावरायची वाट असते.

गोळ्या सुरू झाल्या. सर्ट्रालिन. असर यायला काही आठवडे लागतात हे त्यांनी आधीच बजावलं, ते बरं झालं, नाहीतर मी आठवड्यात सोडून दिल्या असत्या. दुसरं काम होतं भीतीची उतरंड लिहायचं. सगळ्यात कमी भीती कशाची, त्याच्या वर कशाची, सगळ्यात वर कशाची. खालच्या पायरीपासून सुरुवात करायची, आणि त्या त्या जागी भीती चढली तरी उठायचं नाही. भीती चढते, माथ्यावर पोचते आणि कोणी काही केलं नाही तरी उतरते. आपण माथ्यावर असतानाच पळतो, म्हणून मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते अजून लवकर पळवतं. हे ऐकताना सोपं आहे.

माझं दुकान पंपाच्या मोटारी बांधायचं. धानाच्या हंगामात जळालेल्या मोटारींची रांग लागते, बाकी वेळ निवांत. शेजारच्या गावात, मामा तलावाच्या पलीकडे, जुन्या मालगुजाराचा वाडा आहे. (बाहेरच्यांसाठी: मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, 1951 साली गेली, तलाव राहिले, आणि आमच्या भागातलं धान अजून त्यांच्यावर पिकतं.) वाड्यात आता एक आजी राहतात. त्यांची बोअरची मोटार काढायला गेलो असताना कोठ्यात तणसाखाली मला सात फटींची जाळी दिसली. जीप.

तणस ओढून बाजूला केलं. महिंद्राची सीजे-थ्रीबी, आरसी बुकात वर्ष 1964. अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या परवान्यावर महिंद्रा ही जीप इथे बनवत असे. तिकडे 1968 मध्ये हे मॉडेल बंद झालं, आपल्याकडे ते पुढे कितीतरी वर्षं निघत राहिलं. हिचं बॉनेट इतर जीपांपेक्षा उंच असतं, कारण आतलं इंजिन उंच आहे: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. चार सिलिंडर, 2.2 लिटर, पेट्रोल. आमच्याकडच्या बऱ्याच जुन्या जीपांची पेट्रोल इंजिनं लोकांनी काढून डिझेल बसवली, कारण पेट्रोल परवडेना. ही मात्र त्याआधीच बंद पडून कोठ्यात गेली, म्हणून जशीच्या तशी राहिली. एअर क्लीनरच्या डब्यात उंदरांचं घरटं, सीटखाली सापाची कात, पत्रा पायाखाली चाळणीसारखा, आणि हँडल घालून पाहिलं तर इंजिन जाम.

आजींना विचारलं, विकता का. त्या म्हणाल्या, "आधी चालू करून दाखव. मंग बोलू पैशाचं." ट्रॅक्टरला बांधून जीप माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये आणली.

मोटार बांधणं वेगळं आणि इंजिन बांधणं वेगळं. त्यासाठी मला मिस्त्री लागत होते. तालुक्याच्या ठिकाणी एक म्हातारे मिस्त्री आहेत, सारा जन्म जीप आणि ट्रक उघडण्यात गेला. आता दुकान मुलाकडे. ते यायला तयार झाले, पण म्हणाले, "माझे कान गेले, बाबू. हाताला समजते सारं, पर इंजिन बोलते ते नाही आयकू येत. तुझे कान कसे हायेत?"

मी म्हटलं, चांगले आहेत. एवढंच म्हटलं. त्या प्रश्नानं माझ्या आत काय झालं ते मला त्यांना सांगता आलं नसतं.

प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि तसंच राहू दिलं. रोज येऊन हँडलला हलकासा जोर द्यायचा, नाही म्हटलं तर सोडून द्यायचं. मिस्त्री म्हणत, जबरदस्ती करू नको, रिंग तुटेल. एका संध्याकाळी हँडल बोटभर सरकलं. मग हेड काढलं. एक्झॉस्टचे दोन व्हॉल्व्ह आपापल्या गाइडमध्ये गंजून उघडेच अडकलेले. या इंजिनात ही नेहमीची गोष्ट, गाडी उभी राहिली की हेच होतं.

व्हॉल्व्ह घासायचं काम माझ्याकडे आलं. ते सविस्तर सांगतो. व्हॉल्व्हच्या कडेला एमरीची पेस्ट बोटानं लावायची, अगदी पातळ. तो आपल्या जागी ठेवायचा, वरून रबरी चकतीची काठी त्याच्या माथ्याला चिकटवायची आणि काठी दोन तळव्यांमध्ये धरून ताक घुसळायच्या रवीसारखी पुढे-मागे फिरवायची. चार-सहा वेळा फिरवली की उचलायचा, जरा वळवायचा, पुन्हा ठेवायचा. सुरुवातीला आवाज खरखरीत येतो, दात खाल्ल्यासारखा, आणि तळव्यात तो जाणवतोही. हळूहळू तो बारीक होत जातो. मग एक वेळ अशी येते की पेस्ट आपलं काम करून संपलेली असते आणि आवाज मऊ, सरळ, एकसुरी होतो. तेव्हा थांबायचं, पुसायचं, पाहायचं. व्हॉल्व्हच्या कडेला सगळीकडून सारख्या रुंदीचं राखाडी कडं उमटलेलं असतं. कडं कुठे तुटलं असेल तर पुन्हा पेस्ट. शेवटी वर पेट्रोल ओतून ठेवायचं. खाली पाझरलं नाही तर जमलं.

आठ व्हॉल्व्ह. मिस्त्री कडं बघून सांगायचे, मी आवाजावरून. त्यांनी बोटानं कडं तपासून मान डोलवायच्या आधीच मला ठाऊक असायचं. त्या कामात पहिल्यांदा माझे कान एका जागी बसले. आजवर ते शेडभर, गावभर, जंगलाच्या कडेपर्यंत भटकत असायचे. आता अर्ध्या इंचाच्या लोखंडी कडेवर काय चाललंय तेवढंच त्यांना हवं होतं. मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या आणि सावधही. म्हणाल्या, कान तीक्ष्ण झालेत म्हणून आजाराला वरदान समजू नका, तो वरदान नाही. मला ते पटतं. आजारानं मला काही दिलं नाही. कान माझेच होते, त्यानं पळवून नेले होते.

पण खरी अडचण वाकण्याची होती.

इंजिनवर काम करायचं तर मडगार्डवर ओणवं व्हावं लागतं, डोकं बॉनेटखाली, आणि पाठ उघडी. मागे शेडचं दार, दारामागे धानाच्या बांध्या, बांध्यांपलीकडे झुडपी जंगल. माझं शरीर ती अवस्था ओळखत होतं. ओणवं झालो की मानेवरचे केस उभे राहायचे, हातातला पाना निसटायचा, आणि मी वळून दाराकडे बघत राहायचो. सुरुवातीला जीपच फिरवून भिंतीजवळ घेतली, मी भिंत आणि गाडी यांच्या मधे शिरलो. एका बाजूचं काम झालं. दुसऱ्या बाजूचं कसं करणार?

चुलत भाऊ मोटारीचं वाइंडिंग घ्यायला आला होता. त्यानं मला वळवळताना पाहिलं. काही विचारलं नाही. दाराशी खाट ओढली, माझ्याकडे पाठ करून, बाहेर तोंड करून बसला. "मी हावो मांगं," म्हणाला, "तू कर तुझं."

त्या सकाळनंतर आम्ही दोघं एकमेकांशी नीट बोललेलो नव्हतो. त्याची आई गेली, आणि तिथे मी होतो. त्यानं कधी दोष दिला नाही. पण मला त्याच्या डोळ्यांत बघवत नव्हतं, आणि त्यालाही बहुतेक माझ्या. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेलं की सरकार मदत देतं, आता ती रक्कम 25 लाख आहे, आणि ते पैसे आले त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नव्हती. अशा वेळी एकमेकांशी काय बोलावं हे कोणी शिकवलेलं नसतं. खाटेवर बसून तो शेताकडे बघायचा, मी इंजिनमध्ये बघायचो, आणि दोघांचीही तोंडं वेगळ्या दिशांना असल्यामुळेच असेल, आम्ही बोलायला लागलो. आधी रोवणीबद्दल, खताच्या भावाबद्दल. मग काकूबद्दल. तिची वांग्याची भाजी, ती कोणत्या नाटकाला रडली होती, तिनं आम्हा दोघांना एकाच काठीनं कसं हाणलं होतं. त्यानं मला विचारलं, तिला कळलं असेल का. मी म्हटलं, मला वाटतं नाही. मी अजूनही तेच मानतो.

काही आठवडे तो रोज येत राहिला. मग मी स्वतःच म्हटलं, आज तू घरी जा. तो गेला ते मला ऐकू आलं, त्याच्या चपला पार रस्त्यापर्यंत ऐकू आल्या. मी ओणवा राहिलो. भीती चढली. छातीत धडधडलं, पाठीची कातडी आखडली, डोळ्यांसमोर कार्बोरेटर धूसर झाला. मी वळलो नाही. एक नट घट्ट केला, सोडवला, पुन्हा केला. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण ती उतरली. मॅडमनी सांगितलं होतं तशीच. माझ्या उतरंडीतली मधली एक पायरी झाली. त्या दिवशी मी जेवलो तेव्हा जेवणाला चव होती, हे मला स्पष्ट आठवतं.

इंजिन बांधून झालं. रिंगा, बेअरिंगा, गॅस्केट; या जीपेचे सुटे भाग अजून मिळतात, जे इथे मिळेना ते हरियाणातल्या डबवालीहून मागवलं, तिकडे जुन्या जीपांचा मोठा धंदा आहे. पत्र्याचं काम वेल्डरनं केलं. पहिल्यांदा सेल्फ मारला त्या दिवशी शेडबाहेर अर्धं गाव जमलेलं. प्लगच्या वायरींचा क्रम बघून लावलेला, 1-3-4-2, पण टायमिंग पुढे-मागे झालं होतं. सायलेन्सरमधून असा बार उडाला की झाडावरचे बगळे उठले, पोरं पळाली, मिस्त्रीसुद्धा दचकले, त्यांना तो ऐकू आला म्हणून आधी आनंदच झाला. मी जागचा हललो नाही. बाराला कारण होतं आणि ते मला माहीत होतं. डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला, पुन्हा सेल्फ, आणि इंजिन धरलं. चाळीसेक वर्षांनी असेल.

ते बंद केलं तेव्हा मात्र मी हललो. इंजिन चालू असताना शेड भरलेली असते, चावी फिरवली की सगळं एकदम रिकामं होतं. तीच जागा. मॅडमना फोन करून सांगितलं. त्यांनी यालाच व्यायाम बनवला: इंजिन चालू करा, बंद करा, आणि सीटवर बसून राहा. मग मी रोज संध्याकाळी ते करू लागलो. बंद केल्यावर पहिल्यांदा छाती. मग, बसून राहिलं तर, ऐकू यायला लागतं की शांततेत बरंच काही असतं. तापलेला सायलेन्सर थंड होताना टक, टक वाजतो. रेडिएटरमधलं पाणी गुरगुरतं. तलावावर टिटवी. दूर कोणाचा तरी ट्रॅक्टर. काहीच न वाजणारी ती पहाट या संध्याकाळीसारखी नव्हती, हे डोक्याला माहीत होतं. कानांना पटायला फार वेळ लागला, आणि अजूनही सगळं पटलेलं नाही.

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा, आवाज त्या काळातलाच. इंजिन गरम झालं की एक बारीक ठोका यायचा. मिस्त्रींना तो ऐकू येईना. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या हाती दिला, दांडा कानाच्या मागच्या हाडाला टेकवायला लावला आणि टोक इंजिनवर एकेका जागी ठेवत गेले. "हे आयक. आता हे. यात फरक हाय का?" बाहेरून सगळा गोंगाट, आणि स्क्रूड्रायव्हरमधून प्रत्येक जागेचा वेगळा, स्वच्छ आवाज. तिसऱ्या सिलिंडरपाशी ठोका सापडला. बाजूची झाकणपट्टी काढून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, घातली, गाळा जास्तच होता. आवळून पुन्हा चालू केलं तेव्हा ठोका गेला होता. मिस्त्रींनी माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

एका गोष्टीवर घरात बराच वाद झाला. विंडस्क्रीनच्या चौकटीला डाव्या बाजूला एक लोखंडी पकड होती. सर्चलाइटची. आजींच्या सासऱ्यांना शिकारीचा नाद होता, रात्री याच जीपेतून ते जंगलात जात. वाघाच्या शिकारीवर 1970 मध्ये बंदी आली आणि 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याआधीची ही गोष्ट. भाऊ म्हणाला, ही पकड ठेव, दिवा लाव. त्याच्या बोलण्यात जे होतं ते मला कळत होतं. मला मात्र ती नको होती. वाघावर माझा राग नाही, असं म्हटलं तर लोकांना खोटं वाटतं. पण मी हिशेब असा मांडतो: महाराष्ट्रात 2006 च्या गणनेत 103 वाघ होते, 2022 मध्ये 444. आमच्या जिल्ह्यात ते अभयारण्याच्या आत जेवढे राहतात तेवढेच आमच्या धानाच्या कडेनं राहतात. ते वाढले याचा मला आनंद आहे आणि ज्यांच्या शेजारी ते वाढले त्या माणसांची किंमत कमी धरली जाते याचं दुःखही आहे. ताडोब्याच्या फाटकावर जिप्सीत बसलेले पाहुणे वाघ दिसावा म्हणून देवाला हात जोडतात, आणि त्याच वेळी दहा-पंधरा कोसांवर एखादी बाई टोपली घेऊन निघताना दिसू नये म्हणून जोडते. दोन्ही प्रार्थना खऱ्या आहेत. माझं म्हणणं एवढंच की दुसरीची दखल पंचनाम्यापुरती राहू नये. हल्ल्याच्या जागी जखमा मोजल्या जातात, मोजल्याच पाहिजेत; पण जो शेजारच्या झाडाखाली उभा होता आणि ज्याला ओरखडाही आला नाही, त्याच्याकडेही महिन्याभरानं कोणीतरी जाऊन विचारावं, झोप लागते का? मला माझ्या बायकोनं विचारलं. सगळ्यांना अशी बायको नसते. टेलिमानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन 2022 पासून चालू आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मी तो नंबर दुकानाच्या पाटीवर, मोटारीच्या भावाखाली रंगवून घेतलाय. लोक विचारतात. विचारावं म्हणूनच रंगवलाय.

पकड मी कापून काढली आणि भोकं वेल्डिंगनं बुजवली. भाऊ दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो पॉलिश पेपर घेऊन, आणि त्या बुजवलेल्या जागा त्यानंच घासून सपाट केल्या.

कागदांचं अजून चाललंय. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असली तर 2021 च्या नियमानं तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये. पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला तेवढीच. भावाला हे अजिबात मान्य नाही. त्याला ही जीप घेऊन वडसाला नाटकं बघायला जायचंय, दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की. त्यामुळे साधं पासिंग करून घ्यायचा विचार आहे. ब्रेक अजून एका बाजूला ओढतो, सेकंड गिअर सुटतो. माझी गोळी चालू आहे, मात्रा कमी केलीय. पंखा थांबला की जाग येते, पण पाठ भिंतीला लावत नाही.

गेल्या आठवड्यात आजींना दाखवायला जीप पांदण रस्त्यानं, तलावाच्या पाळीवरून वाड्यावर नेली. भाऊ चालवत होता, मी शेजारी. आजी काठी टेकत बाहेर आल्या, भोवती एक चक्कर मारली, हॉर्न वाजवून पाहिला. मग मला म्हणाल्या, "उतर. लग्न होऊन आली तवापासून मांगंच बसली मी या गाडीत, पडदा लावून. आज पुढं बसतो."

आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, बसतो, जातो. मी उतरलो. त्यांना धरून पुढे चढवलं. आता राहिली मागची जागा. जीपेला मागे पत्रा नसतो, कमरेएवढा फाळका आणि त्यापलीकडे सगळं उघडं: पांदण, दोन्ही बाजूंना उभं गवत, माझी पाठ. उतरंडीत ही पायरी मी लिहिलेलीच नव्हती. भावानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"येतेस का पायी येतेस?"

मी चढलो, बाजूच्या बाकावर बसलो आणि वरची नळी धरली. आजी म्हणाल्या, चल रे, आता का मुहूर्त पायतेस. भावानं पहिला टाकला, गाडी पाळीवर घेतली, दुसरा टाकला आणि गिअरच्या दांडीवर हात दाबून ठेवत ओरडला, "सेकंड सुटते, दादा! नीट धरून बस मांगं!"